चवथीच्या मखरामागच्या कापडावर मोत्यांचं वर्तुळ कसं काढायचं

चवथ जवळ आली की मखरामागं लावायला आपण बाजारातलं चमकीचं कापड आणतो, यंदा स्वतः डिझाइन करून बघा आणि त्यात मोत्यांचं वर्तुळ घ्याच. फक्त जागा भरायला ठिपके मारत सुटू नका प्लीज, त्या रांगेला अर्थ आहे. इराणात सासानी राजांच्या काळात, म्हणजे 224 ते 651, आणि पुढे मध्य आशियातल्या सोग्दी लोकांच्या रेशमी कापडावर अशी मोत्यांची वर्तुळं असायची, आत मेंढा, रानडुकराचं डोकं, नाहीतर चोचीत मोत्यांचा सर धरलेलं बदक. राजाच्या अंगावरचे मोती म्हणजे ऐश्वर्य, तेच त्या आतल्या प्राण्याभोवती यायचं. आपल्याकडे मोती चंद्राचं रत्न, शीतल, लग्नात मुंडावळ्या मोत्यांच्या, आणि बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तर 1865च्या सुमारास अख्खा गालिचाच बसरा मोत्यांचा करून घेतलेला!

म्हणून आधी आत काय मानाचं ठेवायचं ते ठरवा, मोती नंतर. गणपती काढू नका, मूर्ती समोर आहेच. जास्वंद चालेल, दुर्वांची जुडी चालेल, मला विचाराल तर त्या बदकासारखा तोंडात मोत्यांचा सर धरलेला मूषक काढा, फार गोड दिसतो.

आता मोजमाप. कंपासमध्ये 6 सेंमी घेऊन वर्तुळ काढा, कोनमापकाने दर 18 अंशांवर खूण केली की 20 जागा मिळतात. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी छोटे चौकोन (जुन्या रेशमावरही बऱ्याचदा असतात), उरलेल्या 16 जागी दीड सेंमीचे मोती. मोती एकमेकांना चिकटवू नका, मधली फट दिसली तरच प्रत्येक मोती वेगळा उठून दिसतो. अशी वर्तुळं ओळीत मांडा आणि चार वर्तुळांच्या मध्ये जी जागा उरते तिथे एक फूल, बस.

कापड साधं गडद लाल घ्या. कुणबी साडीची चौकडी मला जीव की प्राण आहे, पण चौकडीवर गोल काढला की दोन्ही एकमेकांशी भांडतात. मोत्यांना पांढरा फॅब्रिक कलर, पेन्सिलमागच्या रबराने ठसा मारला तर पटापट होतं, पण रबराचा ठसा लहान येतो, म्हणून एवढ्या मोत्याला कडा ब्रशने वाढवा, भरतकाम करणार असाल तर सॅटिन टाका (शेजारीशेजारी सरळ टाके) घाला. आणि पावसाचे दिवस आहेत, रंग नीट सुकू द्या, मगच उलट्या बाजूने इस्त्री.