उन्हाळ्यासाठी बागेतला लाकडी डेक: आधी वाळवा, मग सजवा

लाकडी डेक, म्हणजे बाहेर बसण्यासाठी फळ्यांचा केलेला मचाणासारखा ओटा, उन्हाने करडा पडतो, पण कुजतो तो पाण्याने. म्हणून खुर्च्या-कुंड्यांचा विचार नंतर. आधी खाली वाकून डेकच्या पोटात बघा. वासे, खांबांचे जमिनीलगतचे बुंधे आणि डेक घराच्या भिंतीला जोडणारी फळी, या तिन्ही ठिकाणी पेचकसाचं टोक दाबून पाहा. ते सहज 5 मिमी आत गेलं तर लाकूड गेलं. त्यावर तेल चोपडून काही होत नाही, तो भाग बदलावाच लागतो. खांब किंवा भिंतीलगतची फळी मऊ लागली, तर दुरुस्ती होईपर्यंत डेकवर माणसं जमवू नका.

फळ्यांमधल्या फटी साधारण 5 मिमीच्या असतात. त्यात साचलेला पाचोळा पाणी धरून ठेवतो आणि फळीच्या कडा आतून सडवतो. पातळ पत्तीने तो खरवडून काढा. वर आलेले खिळे पुन्हा ठोकू नका. भोक सैल झालेलं असतं, ते परत डोकं काढणारच. खिळा उपटून तिथे स्टेनलेस स्टीलचा स्क्रू बसवा, लांबी फळीच्या जाडीच्या अडीचपट. साधा लोखंडी स्क्रू गंजतो आणि लाकडातल्या टॅनिनमुळे (नैसर्गिक तुरट द्रव्यामुळे) भोवती काळा डाग धरतो.

धुण्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात 50 ते 60 ग्रॅम सोडियम परकार्बोनेट (पाण्यात ऑक्सिजन सोडणारी धुण्याची पावडर). हातमोजे आणि चष्मा घालून, सावली असताना ओल्या फळ्यांवर पसरा, 15 मिनिटं ओलंच राहू द्या, मग कडक ब्रशने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासून भरपूर पाण्याने धुवा. उरलेलं द्रावण झाकण घट्ट लावून ठेवू नका, त्यातून वायू सुटत राहतो. क्लोरीनचं ब्लीच टाळा. त्याने लाकूड पांढरट पडतं आणि तंतू सुटतात. प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर रुंद फवाऱ्याचं तोंड, कमी दाब आणि फळीपासून 30 सेंमी अंतर. जवळून मारलेली धार मऊ लाकडात चर पाडते, आणि ते चर कोणतंही तेल झाकत नाही.

आता थांबा. सगळ्यात जास्त डेक बिघडतात ते इथल्या घाईमुळे. किमान दोन कोरडे दिवस जाऊ द्या, मग फळीवर पाण्याचे थेंब टाका. दहा मिनिटांत मुरले तर लाकूड तेल प्यायला तयार आहे. न मुरल्यास एकतर ओल आहे, नाहीतर जुना थर शिल्लक आहे. खरखरीत जागा 60 ते 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. त्याहून बारीक पेपरने छिद्रं बुजतात आणि तेल आत शिरत नाही.

12 चौरस मीटरच्या डेकला एका हातासाठी दीड ते दोन लिटर तेल धरा. जुनं, शुष्क लाकूड जास्त पितं. रंगद्रव्य असलेलं तेल घ्या, कारण ऊन अडवतं ते रंगद्रव्य. पारदर्शक तेलाखाली फळ्या लवकर करड्या होतात. तापलेल्या फळीवर लावू नका, आत मुरण्याआधीच वर सुकेल. एका वेळी दोन-तीन फळ्या, टोकापासून टोकापर्यंत. 15-20 मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून टाका, नाहीतर महिनाभर चिकट लागेल. तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

लाकूड-प्लास्टिक मिश्रणाच्या फळ्यांना तेल लागत नाही, साबणाचं पाणी पुरे. पण गडद रंगाच्या फळ्या भर उन्हात अनवाणी पाय भाजतील इतक्या तापतात, तिथे सावली आधी.

सजवताना ओल हाच निकष ठेवा. कुंड्या थेट फळीवर नकोत. 2-3 सेंमी उंच पायांवर ठेवा, म्हणजे खाली हवा खेळेल. 50 सेंमी रुंद, तितकीच उंच कुंडी ओल्या मातीसह दीडशे किलोच्या घरात जाते, म्हणून ती फळ्यांच्या मध्यावर नाही, खांबाजवळच्या तुळईवर. चटई विणलेल्या पॉलिप्रोपिलीनची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) घ्या, मागे रबर नको, आणि दर आठवड्याला उचलून खालची फळी कोरडी होऊ द्या. टेबलाभोवती 90 सेंमी मोकळे सोडा, खुर्ची मागे सरकली तरी माणूस जाऊ शकेल. सावलीचं कापड आडवं सपाट ताणू नका. एक कोपरा चांगला खाली घ्या, नाहीतर पहिल्याच सरीत त्याची झोळी होते. दिवे 12 व्होल्टचे, आयपी65 दर्जाचे (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न शिरू देणारे) आणि पिवळसर, 2700 केल्विनच्या आसपास; पांढऱ्याशुभ्र दिव्यावर किडे जास्त येतात.