करवंदाची जाळी ओळखताना

फळं नसली तरी करवंदाची जाळी ओळखता येते. पानं समोरासमोर, जाडसर, वरून तुकतुकीत. काटेही जोडीनं, सरळ नि कडक. काही टोकाशी दुभंगलेले. मग एक पान देठाशी तोडा, पांढरा चीक लगेच ओघळतो. (कपड्याला लावून घेऊ नका, डाग जाता जात नाही.) नुसत्या चिकावर मात्र विसंबू नका. रुई, पिवळी कण्हेर यांनाही तो असतो आणि दोन्ही विषारी. पण त्यांना काटे नसतात. तोरण या रानझुडपाला काटे आहेत, पण आकड्यासारखे वाकलेले. पानं एकाआड एक, चीक नाही, फळ पांढरं. करवंद हिरवं, मग तांबूस, मे महिन्यात काळंभोर.