रेल्वेवरील उड्डाणपुलाची जागा ठरवताना या चुका टाळा

रेल्वे फाटकावर उड्डाणपूल मंजूर झाला की पूल कधी होणार हा प्रश्न गावात सगळे विचारतात. तो नेमका कुठे होणार हे मात्र सहसा कोणी विचारत नाही, कारण फाटक आहे तिथेच पूल होणार हे सर्वांनी, आणि पुष्कळदा आराखडा करणाऱ्यांनीही, गृहीत धरलेले असते. पुढे कामात येणाऱ्या अडचणींपैकी निम्म्याहून अधिक अडचणी या एका गृहीतकातून निघतात, असे माझे मत आहे.

फाटकाची जागा रेल्वे आली तेव्हाच्या वाटेने ठरवली. बैलगाडीची वाट जिथे रुळांपर्यंत सपाटीने येत होती तिथे फाटक बसले, आणि पुढे त्याच्या दोन्ही बाजूंना चहाची टपरी, पिठाची गिरणी, खतांचे दुकान, एसटीचा थांबा असे गाव वाढत गेले. फाटकाला रस्ता रुळांच्या पातळीवर हवा असतो. पुलाला मात्र रस्ता उंच उचलायचा असतो आणि त्यासाठी दोन्हीकडे मोकळी लांबी लागते. म्हणजे फाटकाला जी जागा सोयीची, ती पुलाला सोयीची असेलच असे नाही.

फाटकापासून अंतर न मोजणे

हा हिशेब कागदाच्या मागच्या बाजूवरही करता येतो. विद्युतीकरण झालेल्या ब्रॉडगेज मार्गावर रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या तळापर्यंत साधारण साडेसहा मीटरांहून थोडे अधिक अंतर मोकळे ठेवावे लागते. गर्डर (रस्ता पेलणारी तुळई) आणि स्लॅब मिळून आणखी दोन मीटर धरले, तर पुलावरचा रस्ता रुळांपासून सुमारे ८.५ मीटर उंच जातो. एकास तीस चढ, म्हणजे तीस मीटर अंतरात एक मीटर चढ, धरला, तर एवढी उंची गाठायला एका बाजूला २५५ मीटर पोचमार्ग (पुलावर चढणारा रस्ता) लागतो. माथ्यावरची आणि पायथ्याची गोलाई मिळवली की तो ३०० मीटरांच्या घरात जातो आणि दोन्ही बाजू मिळून ६०० मीटर होतात. चढ एकास चाळीस ठेवायचा म्हटले तर ८०० मीटर धरून चालावे लागते.

आता फाटकापासून २२० मीटरांवर गावाचा मुख्य चौक असेल, तर पूल एक तर चौकाच्या आधी संपवण्यासाठी चढ तीव्र करावा लागेल, किंवा चौक ओलांडून पुढे न्यावा लागेल. यापैकी पहिला पर्याय नकाशावर स्वस्त दिसतो म्हणून तोच निवडला जातो. त्याचा परिणाम असा होतो की चौकातला सिग्नल लाल असताना गाड्यांची रांग पुलाच्या उतारावर उभी राहते आणि पूर्वी फाटकावर होणारी कोंडी आता आठ मीटर उंचीवर होते. पूल जिथे उतरतो त्या बिंदूपासून पहिल्या चौकापर्यंत किती गाड्या उभ्या राहू शकतात, हे जागा नक्की करण्यापूर्वी मोजलेच पाहिजे.

अशा ठिकाणी फाटकापासून तीन-चारशे मीटर बाजूला सरकून पूल बांधण्याचा पर्याय गांभीर्याने तपासावा. शहराच्या विकास आराखड्यात बाह्यवळण रस्ता किंवा रुंद डीपी रस्ता आखलेला असेल, तर पुष्कळदा पुलाची खरी जागा त्या रस्त्यावर सापडते. थोडा वळसा पडतो हे खरे. पण गावातले जुने फाटक रोज कित्येक तास बंद राहते त्यापुढे हा वळसा किरकोळ ठरतो.

मोजणी चुकीच्या महिन्यात करणे

एखाद्या फाटकावर पूल द्यायचा की नाही हे ठरवताना टीव्हीयू (ट्रेन व्हेइकल युनिट) हा आकडा पाहिला जातो. दिवसभरातल्या रेल्वेगाड्यांची संख्या आणि रस्त्यावरील वाहनांची एकके, म्हणजे प्रकारानुसार कमी-अधिक धरून केलेली वाहनांची मोजणी, यांचा हा गुणाकार असतो. तो एक लाखावर गेला की रेल्वे आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलून पूल बांधण्याचा प्रस्ताव पात्र ठरतो, अशी रूढ पद्धत आहे. उदाहरणार्थ, ६० रेल्वेगाड्या आणि १,७०० वाहन-एकके असतील तर टीव्हीयू १,०२,००० होतो.

हा आकडा पूल हवा की नको हे सांगतो. पूल कुठे हवा हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी वाहने कुठून येतात आणि फाटक ओलांडल्यावर कुठे वळतात, याची वेगळी पाहणी लागते. पश्चिम महाराष्ट्रात तर ही पाहणी जूनमध्ये केली काय आणि न केली काय, सारखेच. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की त्याच रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात. भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन तीव्र चढावर ट्रॅक्टर कसा चालतो, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो एकास तीसच्या चढावर सही करण्यापूर्वी थबकेल: इंजिन धूर ओकत असते, पुढची चाके जमिनीवरून सुटतात, चालक दोन्ही पाय ब्रेकवर देऊन उभा राहतो आणि मागे लागलेली एसटी मागे घ्यायलाही जागा नसते. कारखान्याकडे जाणारी वाहतूक मोठी असेल, तर एकास चाळीसचा चढ बसेल अशीच जागा शोधावी, नाही तर ट्रॅक्टरवाले जुन्या वाटेने दुसरे फाटक गाठतील. मोजणीत आठवडे बाजाराचा दिवसही यायला हवा.

आजचे दोन रूळ पाहून गाळा ठरवणे

गाळा म्हणजे पुलाच्या दोन आधारांमधले अंतर, ज्यातून रूळ जातात. पूल शंभर वर्षे उभा राहतो आणि तेवढ्या काळात रुळांची संख्या वाढते. मुंबईतील शीव येथील रस्त्याचा पूल १९१२ सालचा होता. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कुर्ला या टप्प्यात पाचवी-सहावी मार्गिका टाकायची वेळ आली, तेव्हा जुन्या पुलाखाली ती बसेना. पूल जीर्णही झालेला होता. अखेर १ ऑगस्ट २०२४ पासून तो वाहतुकीला बंद करून पाडकाम हाती घ्यावे लागले. १९१२ मध्ये हे कोणाला दिसले नसते हे मान्य. पण आज जागा ठरवणाऱ्याकडे ती सबब नाही, कारण तिसरी-चौथी मार्गिका कुठे प्रस्तावित आहे हे रेल्वेच्या विभागीय कार्यालयात विचारले की समजते.

उंचीचेही तसेच आहे. दादरीहून जेएनपीटीकडे येणाऱ्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर दुमजली कंटेनरच्या गाड्या धावण्यासाठी तारा बऱ्याच उंच बांधाव्या लागतात. त्यामुळे पालघर-रायगड पट्ट्यात या मार्गावरून जाणाऱ्या पुलाला नेहमीचा साडेसहा मीटरांचा हिशेब पुरत नाही. उंची एक मीटरने वाढली की एकास तीसच्या चढाने पोचमार्ग प्रत्येक बाजूला तीस मीटरने लांबतो, म्हणजे आधी ठरवलेली जागा त्या तीस मीटरांसाठी बाद होऊ शकते.

उंची बदलली की शेजारच्या बांधकामाचे काय होते, याचे उदाहरण अंधेरीत सर्वांनी पाहिले. गोखले पुलाच्या पादचारी मार्गाचा भाग ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीला बंद झाला. नवा पूल रेल्वेच्या नव्या उंचीच्या निकषांनुसार बांधला गेला आणि २६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याच्यापेक्षा दीड मीटरहून अधिक खाली राहिल्याचे दिसले. दोन पूल समोरासमोर आणि मध्ये पायरी, असे ते दृश्य होते. शेवटी बर्फीवाला पूल जॅक लावून वर उचलावा लागला आणि जुलै २०२४ मध्ये जोडणी झाली. हे काम कौशल्याचे होते यात शंका नाही, मात्र दोन्ही टोकांच्या पातळ्या एकाच कागदावर आधी मांडल्या असत्या तर या कौशल्याची गरजच पडली नसती.

तिरका छेद आणि अवघड वळण

रस्ता रुळांना काटकोनात ओलांडतो तेव्हा गाळा सर्वांत लहान येतो. काटकोनात ३० मीटर लागणारा गाळा रस्ता ४५ अंशांत आल्यास ४२ मीटरांपुढे जातो आणि ३० अंशांत आल्यास थेट ६० मीटर होतो. गाळा वाढला की गर्डर जाड होतो, गर्डर जाड झाला की रस्ता उंच जातो आणि पुन्हा पोचमार्ग लांबतो. (बो-स्ट्रिंग पद्धतीच्या गर्डरमध्ये भार पेलणारी कमान रस्त्याच्या वर असल्याने खालची जाडी कमी राहते, जागा तोकडी असेल तिथे तो महाग असूनही परवडतो.)

याचे दुसरे टोक म्हणजे रुळ काटकोनात ओलांडण्यासाठी पोचमार्गाला कोपऱ्यासारखे वळण देणे. भोपाळच्या ऐशबागमधील रेल्वे उड्डाणपूल २०२५ च्या जूनमध्ये देशभर ‘नव्वद अंशांचा पूल’ म्हणून गाजला आणि अभियंते निलंबित झाले. जागेची टंचाई आणि शेजारचे मेट्रो स्थानक ही कारणे तेव्हा पुढे आली. नंतर न्यायालयासमोर आलेल्या तज्ज्ञ अहवालात तो कोन ११८-११९ अंशांचा असल्याचे सांगण्यात आले. परंतु वळणावर बस किंवा लांब ट्रक कसा फिरेल या प्रश्नाचे उत्तर कोनाच्या आकड्यात नसते. ते वळणाच्या त्रिज्येत, रुंदीकरणात आणि समोरचे दिसण्याच्या अंतरात असते. वळण टाळता येत नसेल तर ते जमिनीलगत घ्यावे, उंचावर आणि चढावर घेऊ नये.

जमिनीकडे न पाहणे

रेल्वे तीन मीटरच्या भरावावर असेल तर त्याच हिशेबाने रस्ता ११.५ मीटर उचलावा लागतो आणि पोचमार्ग एका बाजूला ३४५ मीटरांवर जातो. तीच रेल्वे पाच मीटर खोल कापणीतून, म्हणजे जमीन खोदून केलेल्या खाचेतून, जात असेल तर ३.५ मीटर उचलून, म्हणजे १०५ मीटरांत काम भागते. कोकण रेल्वेवरून जाणारे रस्त्यांचे अनेक पूल पाहताना हा फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून फाटकाच्या दोन्ही बाजूंना किलोमीटरभर रुळांची पातळी जमिनीशी ताडून पाहावी. जवळच एखादी कापणी असेल तर पुलाची जागा तिथे जवळजवळ तयार असते. भराव उंच असेल तर भुयारी मार्ग स्वस्त पडतो, पण पावसाळ्यात त्यातले पाणी स्वतःच्या उताराने नाल्यात जाणार नसेल तर तो पर्याय सोडून द्यावा, कारण पंपावर विसंबलेला भुयारी मार्ग वीज गेली की तलाव होतो.

मराठवाड्यात आणि विदर्भात काळ्या मातीचा प्रश्न वेगळा. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर आठ मीटरचा भराव टाकला की तो काही वर्षे दबत राहतो, तर खोल पायावर उभा असलेला पूल जागचा हलत नाही. पुलावर चढताना गाडीला बसणारा ठोका हा या दोघांमधला फरक असतो. मुरूम किंवा खडक उथळ लागतो अशी जागा शंभर मीटर बाजूला असेल, तर बोअर घेऊन ती तपासण्याचा खर्च नगण्य आहे.

फाटक बंद होणार हे विसरणे

पूल सुरू झाला की फाटक कायमचे बंद होते. ही अट आधीपासून असते, तरी उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी गावकरी संतापतात, कारण सायकलवरच्या मुलाला, डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला आणि गुरे घेऊन जाणाऱ्याला सहाशे मीटरचा चढ-उतार कोणी सांगितलेला नसतो. मग माणसे रुळांवरून जाऊ लागतात. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे, पण शाळेच्या वेळेला हे कलम कोणाला अडवत नाही. पादचाऱ्यांसाठीचा छोटा भुयारी मार्ग मूळ आराखड्यातच यावा आणि त्यासाठी जागा राखून मगच पुलाचे खांब आखावेत. पुलाच्या दोन्ही अंगांना सेवा रस्ते धरून किमान बावीस-चोवीस मीटर रुंदी मिळते का, हेही त्याच वेळी पाहावे. नाही तर पुलालगतच्या घरांना दारासमोर भिंत मिळते.

रुळांच्या बाजूनेही काही तपासण्या असतात. स्थानकाच्या यार्डात, सांध्यांच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांच्या) वर किंवा खांबामुळे लोको पायलटला सिग्नल दिसणार नाही अशा ठिकाणी जागा सुचवू नये, ती परत येईलच. रुळांवरचा भाग रेल्वेने आणि पोचमार्ग दुसऱ्या यंत्रणेने बांधायचे असतील, तर दोघांच्या सह्यांचा जीएडी, म्हणजे सर्वसाधारण रचना आराखडा, हाती येईपर्यंत भूसंपादनाचे गट क्रमांक जाहीर करू नयेत. रुळांवर गर्डर बसून तयार आणि दोन्ही बाजूंना रस्त्याचा पत्ता नाही, असे पूल उभे राहतात ते या घाईमुळे.

पूल आधीच चुकला असेल तर

उतारावर रांग लागत असेल तर आधी चौकाची सिग्नल वेळ बदलून आणि पायथ्याजवळचे रिक्षाथांबे, दुकानांसमोरची वाहने हटवून पाहावे. पुष्कळ ठिकाणी एवढ्याने फरक पडतो. ठोका बसत असेल तर वरवर डांबर टाकत राहण्यापेक्षा भरावातील पाणी कुठून शिरते ते शोधावे. अवघड वळणावर वेगमर्यादा, कठडा आणि आतल्या बाजूचे रुंदीकरण एवढेच हाती उरते.

एका तालुक्याच्या गावी पुलाची आखणी करताना आम्ही रुळांपासून सुरुवात न करता उलट्या बाजूने, म्हणजे पोचमार्ग जिथे जमिनीला टेकणार तिथून फाटकाकडे टेप धरत आलो होतो. फक्कीची रेघ एका गिरणीच्या ओट्यावरून गेली आणि पहिली खुंटी तिच्या उंबऱ्यालगत आली. गिरणीवाल्याने जाते बंद केले, बाहेर येऊन खुंटीकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, “साहेब, तुमचा पूल माझ्या छपरावरून जाणार की माझ्या घरातून?” नकाशावर ती गिरणी नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या खुंट्या काढल्या आणि तीनशे मीटर पुढे, ऊस उभा असलेल्या शेताच्या बांधावर जाऊन पुन्हा टेप धरला.