आवा असो वा इलेक्ट्रिक भट्टी : भाजणीतल्या या चुका टाळा

आव्यात, म्हणजे गोवऱ्या-पेंढ्यात भांडी रचून केलेल्या उघड्या भाजणीत, वर्षानुवर्षं नीट निघणारी माती इलेक्ट्रिक भट्टीत वाकडी होते, भट्टीतली माती आव्यात फुटते, आणि बोल लागतो मातीला. बहुतेकदा चूक असते ती एका आगीचा नियम दुसरीला लावण्याची.

सर्वाधिक नासाडी ओलाव्याने होते. भांडं वरून सुकलेलं दिसतं, पण जाड बुडात पाणी उरलेलं असतं. 100 अंश सेल्सिअसपुढे त्याची वाफ होते आणि वाट मिळाली नाही की बूड उडतं. इलेक्ट्रिक भट्टीत 80-90 अंशांवर काही तास थांबा, झाकणाला फट ठेवा. वाफ निघून जाते. आव्यात ही सोय नाही. गोवऱ्या-पेंढ्याने पेट घेतला की आच झपाट्याने चढते. म्हणून भांडी आधी विस्तवाजवळ फिरवून चांगली तापवायची, मगच रचायची. मातीत वाळू, राख किंवा लीदही हवी. भट्टीसाठी आणलेली गुळगुळीत, बारीक माती तशीच आव्यात घातली तर हाती खापऱ्याच येतील.

उलट बाजूची चूक महागात पडते. आवा साधारण 700 ते 900 अंशांपर्यंत जातो. त्याची लोहयुक्त लाल माती स्टोनवेअरच्या (जास्त आचेवर भाजलेल्या घट्ट, टणक भांड्यांच्या) 1200 अंशांच्या भाजणीत घातली, तर ती फुगते, बसते, कधी वितळून भट्टीतल्या फळीला चिकटते. नव्या मातीचा छोटा तुकडा आधी भाजून पाहा. फक्त आकड्यावरही विसंबू नका: आच किती वेळ लागली हेही महत्त्वाचं, आणि ते पायरोमेट्रिक कोन (ठरावीक आचेला वाकणारा, भट्टीत ठेवायचा छोटा सुळका) वाकला की कळतं.

काळे डाग नको असतील तर आव्यात हवा खेळती ठेवा. काळं भांडंच हवं असेल तर धूर कोंडा, पण आव्यात. इलेक्ट्रिक भट्टीत भुसा जाळायचा मोह आवरा. तापतारा लवकर खराब होतात.

निवण्याची घाई दोन्हीकडे नडते. 573 अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ आकुंचन पावतं. तेव्हा गार वारा लागला की तडा. भट्टी 100 अंशांखाली येईपर्यंत उघडू नका, आव्याची राख उकरू नका.

भाजल्यावर काही दिवसांनी खपली उडून खाली पांढरा कण दिसला, तर दोष आगीचा नाही. मातीत चुनखडी होती. ती भाजून चुना झाली आणि दमट हवेत फुगली. माती बारीक चाळणीतून गाळून घ्या.