लोगोमागचं पांढरं उडवताना या चुका टाळा

गणपती जवळ आले की पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपीवाल्यांकडे एकच मागणी सुरू होते: "एवढं मागचं पांढरं काढून द्या ना." मंडळाचा लोगो असतो, ढोल पथकाचं चिन्ह असतं, अहवालावर टाकायची अध्यक्षांची सही असते. भगव्या फ्लेक्सवर किंवा काळ्या टीशर्टवर चित्र ठेवलं की त्यामागचा पांढरा चौकोन डोळ्यांत खुपतो. तो घालवणं अवघड नाही, पण बहुतेक जण चित्रातला पांढरा रंग आणि चित्रामागची पार्श्वभूमी एकच धरून चालतात, आणि तिथेच काम बिघडतं.

मुळात काढायची गरज आहे का, हे आधी बघा. लोगो कधीतरी कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटर या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाला असेल तर त्याला पार्श्वभूमीच नसते, दिसतं ते पांढरं पान असतं. जुन्या कार्यकर्त्याकडून किंवा आधीच्या प्रेसवाल्याकडून सीडीआर (कोरलड्रॉची मूळ फाइल) नाहीतर पीडीएफ मागवा आणि पारदर्शक पीएनजी एक्सपोर्ट करा. व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरून झिजलेल्या जेपीजीवर तासभर घालवण्यापेक्षा दोन फोन केलेले बरे. गूगलवरून उतरवलेल्या 'पीएनजी'वरही लगेच विश्वास ठेवू नका. पारदर्शकता दाखवणाऱ्या मागच्या राखाडी-पांढऱ्या चौकटी पुष्कळदा चित्रातच छापलेल्या असतात.

दुसरी चूक सेव्ह करताना होते. जेपीजीत पारदर्शकता साठवायची सोयच नाही. नीट काम करून फाइल जेपीजीत ठेवली की पांढरं परत येतं, आणि नावापुढचं जेपीजी खोडून पीएनजी लिहिल्याने काही बदलत नाही. पीएनजी 1996 मध्ये आलं. त्यात प्रत्येक पिक्सेल किती पारदर्शक आहे हे 256 पायऱ्यांत नोंदवता येतं, म्हणून कडा मऊ राहतात. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो किंवा पूर्ण नाहीसा होतो, त्यामुळे गोल अक्षरांच्या कडा दातेरी होतात. ग्रुपवर फाइल टाकताना फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर व्हॉट्सॲप तिचं जेपीजी करतं.

आता निवडीकडे येऊ. फोटोशॉपचं मॅजिक वाँड क्लिक केलेल्या रंगासारखे पिक्सेल निवडतं; किती जवळचे रंग धरायचे ते ठरवणारा त्याचा टॉलरन्स मुळात 32 असतो. पथकाचा फोटो घ्या: पांढरा झब्बा, मागे चुन्याची भिंत. एका क्लिकमध्ये भिंतीबरोबर झब्ब्याची बाहीही जाते. अशा वेळी टॉलरन्सशी झटापट करू नका, पेन टूलने बाह्यरेषा काढा. वेळ जास्त जातो, पण दुसरा खात्रीचा मार्ग नाही. 'कंटिग्युअस'ची खूण चालू ठेवली तर क्लिक केलेल्या जागेला जोडलेलं पांढरंच निवडलं जातं, म्हणून चित्राच्या आतले पांढरे भाग वाचतात. अक्षरांच्या बाबतीत मात्र हीच खूण अडचण करते. व, ब, ठ यांच्या पोटातलं पांढरं तसंच राहतं आणि मंडळाचं नाव भगव्यावर गेलं की प्रत्येक अक्षरात पांढरा ठिपका दिसतो. शिफ्ट दाबून प्रत्येक पोकळी निवडीत घ्या. देवनागरीत अशा पोकळ्या पुष्कळ, त्यामुळे एखादी हमखास सुटते.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती कडेवर. लाल अक्षर पांढऱ्यावर असतं तेव्हा सीमेवरचे पिक्सेल धड लाल नसतात, धड पांढरे नसतात, गुलाबी असतात. पांढरं तेवढं उडवलं की हे गुलाबी मागे राहतं आणि गडद कापडावर अक्षराभोवती फिकट किनार उमटते. निवड उलटी करून ती एका पिक्सेलने आत घ्या, किंवा कडेचा परका रंग घालवणारं फोटोशॉपचं डीफ्रिंज वापरा. गिंप या फुकट सॉफ्टवेअरमधलं 'कलर टू अल्फा' गुलाबीतलं पांढरं वेगळं काढून अर्धपारदर्शक लाल ठेवतं, म्हणून कडेसाठी ते उत्तम आहे. मात्र पूर्ण चित्रावर ते चालवू नका. भगव्या रंगातही पांढऱ्याचा अंश आहे असं ते धरतं आणि सगळा भगवा थोडा पारदर्शक होऊन बसतो. ते कडेपुरतंच निवडून वापरा.

जेपीजीतलं पांढरं शुद्धही नसतं. अक्षरांभोवती डोळ्याला न दिसणारी करडी धूळ असते. वर्डमधलं 'सेट ट्रान्सपरंट कलर' नेमका एकच रंग काढतं, म्हणून ही धूळ मागे राहते. आधी लेव्हल्समध्ये (उजेड-काळोख कमीजास्त करायची सोय) पांढरं पूर्ण पांढरं करा, मगच उडवा. झालेलं काम तपासताना खाली गडद निळा किंवा काळा लेयर ठेवून मोठं करून बघा. पांढऱ्या पडद्यावर यातली एकही चूक दिसत नाही.

छपाईला देण्याआधी आकार मोजा. बारा इंची छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल धरले तर 3600 पिक्सेल लागतात. फुकटच्या ऑनलाइन साइट्स बऱ्याचदा लहान फाइल देतात, आणि ती ताणली की कडा फाटतात. टीशर्टची डीटीएफ छपाई (आधी फिल्मवर छापून मग कापडावर उतरवायची) असेल तर अर्धपारदर्शक सावल्या ठेवू नका, कारण रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर जातो आणि सावलीच्या जागी पांढरट डाग येतो. ऑफसेटला पीएनजी देऊच नका. त्यात सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे, रंग नसतात. टिफ किंवा पीएसडी द्या.

सहीचं काम निराळं. काळ्या किंवा निळ्या पेनाने कोऱ्या कागदावर करून घ्या, स्कॅन करा, लेव्हल्स वाढवा. अहवालाच्या पानावर ती मल्टिप्लाय मोडमध्ये (यात पांढरं दिसेनासं होतं) ठेवली तर पांढरं काढावंही लागत नाही. अनोळखी साइटवर कुणाचीही सही अपलोड करू नका, आणि कापून ठेवलेली सही मंडळाच्या ग्रुपवर टाकू नका. ती कुणीही कुठल्याही कागदावर चिकटवू शकतो.