केक बसतो, मिठाच्या वस्तू फुगतात: घरच्या ओव्हनमधल्या या चुका टाळा

घरच्या ओव्हनला आपण दोन उलटी कामं सांगतो. केक भाजताना मिश्रणातली हवा आणि वाफ आत अडकून राहायला हवी, तरच तो फुगतो. मिठाच्या कणकेचे (मैदा, मीठ आणि पाणी मळून केलेल्या, शोभेच्या) तारे, नावाच्या पाट्या, फोटोच्या चौकटी वाळवताना तीच वाफ सावकाश बाहेर पडायला हवी. त्यामुळे केकचं तापमान ठेवलं की पाट्या पुरीसारख्या फुगतात आणि पाट्यांच्या मंद आचेवर केक पांढरट, बसकाच राहतो. काहीही बिघडलं की आधी विचारा: वाफ कुठे अडकली, कुठे निसटली?

कपाने मोजलेला मैदा

२४० मिलीच्या कपात मैदा चमच्याने हलका भरून वरून सपाट केला तर तो साधारण १२० ते १२५ ग्रॅम भरतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. दोन कपांच्या केकमध्ये हा फरक ५० ग्रॅमवर पोचतो आणि केक कोरडा, गच्च होतो. मग लोक दूध वाढवतात आणि पुढचा केक तळाशी चिकट निघतो. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा वजनकाटा घ्या. नक्षीदार भांडी आणि नोझलचे संच नंतर आले तरी चालतं.

सोडा आणि बेकिंग पावडर

सोड्याला फुगवायला आंबट काहीतरी लागतं: दही, ताक, लिंबू, व्हिनेगर. बेकिंग पावडरीत सोड्याबरोबर आम्ल आधीच मिसळलेलं असतं. म्हणून पावडरीऐवजी तेवढाच सोडा घातला की केक गडद होतो, त्याला साबणासारखी चव येते आणि तो भसकन फुगून खाली बसतो. १२५ ग्रॅम मैद्याला बेकिंग पावडर १ ते सव्वा छोटा चमचा (५ मिलीचा) पुरते. सोडा असेल तर १२० मिली ताकाला पाव चमचा.

जुन्या डब्याची परीक्षा सोपी आहे. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली नाही तर फेकून द्या. सोड्याची हीच परीक्षा व्हिनेगरमध्ये घ्या.

सोडा आंबट मिश्रणाला लागल्या क्षणी कामाला लागतो. बिनअंड्याच्या दह्याच्या केकचं मिश्रण तयार करून मग ओव्हन तापवायला लावला, तर निम्मे बुडबुडे ओट्यावरच संपतात. ओव्हन तापलेला, भांड्याला बटर पेपर लावलेला, आणि मगच सोडा.

कोकोचाही यात हात असतो. साधा कोको आम्लधर्मी असतो, डच पद्धतीचा (अल्कलीने आंबटपणा मारलेला) नसतो. फक्त सोड्यावर फुगणाऱ्या केकमध्ये डच कोको घातला आणि दुसरं काही आंबट नसलं, तर केक फुगत नाही.

खड्डा कुठे पडला ते बघा

मध्ये खड्डा आणि आतून ओलसर: केक कच्चा काढला किंवा दार लवकर उघडलं. ठरलेल्या वेळेचे दोन तृतीयांश होईपर्यंत दाराला हात लावू नका. तोवर मधला भाग नुसत्या वाफेवर उभा असतो. टूथपिकचा भरवसा नसेल तर टोचायचा थर्मामीटर वापरा, मध्यभागी ९६ ते ९८ अंश सेल्सिअस आलं की केक झाला.

मध्ये खड्डा, पण आतून पूर्ण शिजलेला आणि मोठमोठ्या भोकांचा: पावडर किंवा सोडा जास्त झाला. बुडबुडे मोठे होऊन फुटले, आधार गेला.

डोक्यावर टेंगूळ आणि चीर: आच जास्त किंवा वरचा रॉड फार जवळ. कडा आणि वरची साल आधी घट्ट झाली, आतलं मिश्रण मधून फाडून वर आलं. १० ते १५ अंश कमी करा, भांडं खालच्या जाळीवर ठेवा.

रबरासारखा, आत उभे बोगदे: मैदा घातल्यावर फेटत राहिलात. मैद्यातलं ग्लूटेन, म्हणजे चिवटपणा देणारं प्रथिन, ताणलं गेलं. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी त्या ओव्हनमध्ये विरतात.

बटर आणि साखर फेटताना मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर बहुधा अंडी फ्रिजमधून थेट आलेली असतात. बटर १८ ते २१ अंशांवर हवं, म्हणजे बोट दाबलं तर खळगा पडतो पण बोट तुपकट होत नाही. फाटलेल्या मिश्रणात मोजलेल्या मैद्यातलाच एक मोठा चमचा घातला की ते सावरतं.

भांड्याचा आकार बदलताना नुसते इंच बघू नका. ६ इंची गोल भांड्याचा तळ ८ इंचीच्या ५६ टक्केच असतो. ८ इंचीचं सगळं मिश्रण त्यात ओतलं तर उतू जाईल किंवा मधून कच्चं राहील. भांडं अर्ध्यापर्यंत, फार तर दोन तृतीयांश भरा.

ओव्हनच्या बटणावरचा आकडाही पडताळून घ्या. छोट्या ओटीजीमध्ये (ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये) १०-२० अंशांचा फरक सहज असतो. आत जाळीवर ठेवायचा थर्मामीटर २० मिनिटं ठेवून वाचा, आणि तो फरक ओव्हनवरच चिकटवून ठेवा.

मिठाची कणीक

प्रमाण वजनाने: मैदा २५० ग्रॅम, बारीक मीठ १२५ ग्रॅम, पाणी साधारण १२५ मिली. पाणी थोडं थोडं घाला, कदाचित सगळं लागणार नाही. जाड मीठ वापरलं तर पृष्ठभागावर खडे आणि खळगे दिसतात. सात-आठ मिनिटं मळा. तडे जात असतील तर ओला हात फिरवा, चिकटत असेल तर मैदा भुरभुरा. बेकिंग पावडर मिसळलेला तयार मैदा इथे चालत नाही.

लाटी सगळीकडे सारखी, ५ मिलिमीटरची ठेवा. एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला ८ मिलिमीटर असलेली पाटी हमखास तडकते, कारण पातळ बाजू आधी आक्रसते. दोरीचं भोक भाजण्याआधीच स्ट्रॉने पाडा, कडेपासून किमान एक सेंटिमीटर आत.

ओव्हन १०० अंशांवर, दोन ते तीन तास. घाई करून १८० वर ठेवलं की वरची साल बंद होते, आतलं पाणी वाफ होऊन फोड उठतात. फोड दिसताच तो सुईने टोचा, हलकेच दाबा आणि आच कमी करा. कडा वर वळत असतील तर एकच बाजू वाळते आहे. दर तासाला उलटा.

वाळलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. वस्तू थंड होऊ द्या आणि पालथी करा. मध्यभागी गडद डाग दिसला किंवा नख रुतलं तर आत ओल आहे. त्यावर रंग दिला की काही दिवसांनी पापुद्रे सुटतात, कधी बुरशीही येते. बारीक चीर मात्र दुरुस्त होते: त्याच कणकेत पाणी घालून लेप करा, चिरेत भरा आणि पुन्हा मंद आचेवर वाळवा.

मीठ हवेतली ओल ओढतं. म्हणून ॲक्रिलिक रंगानंतर व्हार्निशचे दोन हात द्या, मागची बाजू आणि भोकाच्या आतली कडही सोडू नका. नुसती पुढची बाजू रंगवलेल्या वस्तू दमट हवेत मागून मऊ पडतात. घरात कुत्रा असेल तर त्या उंचावर टांगा. एवढं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

एकाच ओट्यावर दोन्ही कामं

मेण किंवा रेझिन ओतलेला सिलिकॉनचा साचा चॉकलेटसाठी पुन्हा वापरू नका, कितीही घासला तरी. मेणाची पातेली आणि ढवळायच्या काड्या वेगळ्या ठेवा. क्राफ्टच्या चमकीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असलं तरी ती खाण्याची होत नाही. केकवर फक्त 'खाद्य' असं स्पष्ट लिहिलेली चमकी आणि रंग घाला. आणि रंगवलेल्या किंवा व्हार्निश लावलेल्या वस्तू पुन्हा ओव्हनमध्ये घालू नका. रंग सुकायला वेळ लागतोय म्हणून बरेच जण तसं करतात, मग रंगाला फोड येतात आणि पुढच्या केकला वास.