एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स: घोडं अडतं ते जागेपाशी

बॅकअप घेतलाय, लिनक्सच्या उबंटू किंवा मिंट या आवृत्तीचा पेनड्राइव्ह तयार आहे, असं धरतो. आधी विंडोज, मग लिनक्स, हा क्रम उलटा करू नका.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा, मग तो बंद करा. डिक्रिप्शन, म्हणजे ते कुलूप निघणं, पूर्ण होईपर्यंत पुढं जाऊ नका.

आता जागा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर ‘श्रिंक व्हॉल्यूम’ म्हटलं, की शंभर जीबी रिकामे असूनही विंडोज कधीकधी पाच-सातच सोडतं. इथं ‘आते काय करू?’ म्हणत लोक फुकटातलं पार्टिशन सॉफ्टवेअर उतरवतात. साफ चूक. वाट अडवतात त्या ड्राइव्हच्या मधोमध ठाण मांडलेल्या, न हलणाऱ्या फाइली. त्यांना उठवा: सिस्टम प्रोटेक्शन बंद (जुने रिस्टोअर पॉइंट जातील, जाऊ द्या), पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) ‘नो पेजिंग फाइल’वर, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ’ इंग्रजीत टाइप करून हायबरनेशन बंद. रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करा. आकडा एमबीत द्यायचा असतो, 50 जीबी हवे तर 51200 टाका. मोकळी झालेली जागा ‘अनअलोकेटेड’च राहू द्या, तिचा नवा ड्राइव्ह बनवलात तर इन्स्टॉलरला ती रिकामी दिसणार नाही. नंतर पेजफाइल आणि प्रोटेक्शन परत चालू करा, हायबरनेशन मात्र नको. त्याच्यासोबत फास्ट स्टार्टअपही जातं. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होत नाही आणि लिनक्सला सी ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

हे काम लोडशेडिंगच्या वेळेत काढू नका. जळगाव-धुळ्याकडच्या गावांत बऱ्याच घरी इन्व्हर्टर असतो, पण तो ‘इको’वर असेल तर वीज जाताच डेस्कटॉप रीस्टार्ट होतो आणि पार्टिशन अर्धवट राहतं. बटण ‘यूपीएस’वर करा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली हवी.

आता पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करा. बूट मेनूत (कशावरून सुरू व्हायचं त्या यादीत) पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर विंडोज ज्या मोडमध्ये आहे तोच घ्या, बहुधा यूईएफआय (नव्या कॉम्प्युटरची सुरू होण्याची पद्धत). ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ निवडा. ‘इरेज डिस्क’ला हात लावू नका. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर बहुधा बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज आरएसटी किंवा व्हीएमडी या इंटेलच्या मोडवर असतं. ते थेट एएचसीआय या साध्या मोडवर केलं तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकेल. आधी विंडोज सेफ मोडला लावा, मगच बदला.

नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं पडेल. लिनक्स टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1’ दिलं की जागेवर येतं.